यूकेचं कॉम्प्युटर सर्टिफिकेट घेताय? इंदूरवाल्यांनी आधी हे वाचा

भंवरकुआंच्या बाजूला कुणी तुम्हाला "लंडनचं सर्टिफिकेट, घरबसल्या, ना क्लास ना परीक्षा" असं सांगत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे साडेअठरा हजार गेलेत.

मी सियागंजमध्ये एका व्यापाऱ्याकडे बिलिंग बघते, टॅली, एक्सेल, मेल सगळं रोजचंच, फक्त हातात कागद नव्हता आणि दुसरीकडे अर्ज केला की पहिला प्रश्न तोच, कॉम्प्युटरचं काय केलंय. या इन्स्टिट्यूटवाल्याने मग आयटीक्यू लेव्हल 2 गळ्यात मारलं. आता गंमत बघा, आयटीक्यू ही ब्रिटनमधली खरीखुरी पात्रता, नोकरीत कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठीच बनवलेली. आपल्या कामाप्रमाणे युनिट निवडायचे, कुणी स्प्रेडशीट घेतं कुणी वर्ड प्रोसेसिंग, आणि क्रेडिट जमतील तसं अवॉर्ड, सर्टिफिकेट नाहीतर डिप्लोमा. त्यामुळे मी नेटवर शोधलं तेव्हा सगळं बरोबर जुळत होतं. नाव खरं, विकणारा खोटा.

खऱ्या आयटीक्यूत तुमचं काम दाखवावं लागतं. तुम्ही बनवलेल्या शीट, पत्रं, स्क्रीनशॉट अशी फाईल लावायची, असेसर ती तपासतो आणि त्याच्या तपासणीवरही दुसऱ्याची नजर असते. माझ्याकडे कुणी साधी एक शीट मागितली नाही. मीच विचारलं, सर माझं काम बघणार कधी, तर म्हणे "मॅडम, आपका एक्सपीरियन्स है ना, हो गया." पैसे मागायला मात्र विसरायचे नाहीत, आधी ॲडमिशन, मग लंडन रजिस्ट्रेशन, मग अपोस्टिलची (कागद परदेशात चालावा म्हणून होणारा सरकारी शिक्का) फी, आणि दर वेळी यूपीआयवर नाव वेगळंच. अहो, अपोस्टिल ज्या देशाचा कागद त्याच देशात होतं, ब्रिटनच्या कागदाला इंदूरच्या काउंटरवर कोण करून देणार!

सर्टिफिकेट आलं ते मात्र झकास, जाड कागद, सोनेरी स्टिकर (नखाने सहज निघतो), आणि खाली युनिटांची यादी, त्यात डेटाबेसमध्ये मला डिस्टिंक्शन. मी ॲक्सेस, म्हणजे ते डेटाबेसचं सॉफ्टवेअर, जन्मात उघडलेलं नाहीये. कोपऱ्यात क्यूसीएफचा शिक्का आणि तारीख गेल्या वर्षीची. क्यूसीएफ म्हणजे पात्रतांच्या लेव्हल आणि क्रेडिटची चौकट, ती ब्रिटनने 2015 मध्येच बंद करून आरक्यूएफ ही नवी आणली. इतकं पण बघितलं नाही लेकाच्यांनी.

बिंग फुटलं ते नव्या कंपनीत. एचआरने सर्टिफिकेटवरच्या संस्थेला सरळ मेल टाकला, उत्तर आलं की या नंबरची कुणी विद्यार्थिनी नाही आणि इंदूरात आमचं असं सेंटरही नाही. ऑफर गेली. वर त्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो कागद घरी छापलाय.

तर कुणी यूकेची पात्रता विकत असेल तर तिचा नंबर मागा आणि ऑफक्वॉलच्या (तिकडच्या पात्रतांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टरवर टाका, ऑनलाइन आहे, फुकट आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण नंबर खराही असू शकतो, सेंटरला मान्यता आहे का ते सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलाच मेल करून विचारा. आणि इथल्याच नोकरीसाठी हवं असेल तर लंडन कशाला? एमपीत सरकारी क्लार्क, डेटा एंट्रीच्या पदांना सीपीसीटी, म्हणजे राज्याची कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा, मागतात. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचं सीसीसी आहे, बेसिक कॉम्प्युटरचा 80 तासांचा कोर्स, परीक्षेची फी 500 आणि वर जीएसटी, कुठल्या इन्स्टिट्यूटशिवाय स्वतः फॉर्म भरता येतो.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन 1930 वर तक्रार नोंदवली आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण. इन्स्टिट्यूटवाला पावतीवरचं "नॉन रिफंडेबल" दाखवतोय. आता ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या केसला तिथे फी नाही. तुमच्यापैकी कुणी तिथे पैसे भरले असतील तर पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, मला मेसेज करा, दोघीतिघी मिळून गेलो तर बरं पडेल.