एनडीए क्लास, कॉलेज रोड: लेखीला एक नंबर, एसएसबीला नाही

मुलगी बारावीत आहे, अकरावीपासून नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका एनडीए (बारावीनंतर सैन्यात ऑफिसर व्हायची परीक्षा) क्लासला जाते. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण एक गोष्ट फार खटकलीये, पण मॅथ्सचे सर खरंच जीव ओतून शिकवतात.

मॅथ्सचा पेपर ३०० मार्कांचा, अडीच तासात १२० प्रश्न आणि चुकलं की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कापतात, त्यामुळे सर आधी कुठला प्रश्न सोडून द्यायचा ते शिकवतात मग सोडवायचं कसं ते. दर रविवारी टेस्ट, आणि सोमवारी ज्याचं जे चुकलं ते त्यानेच फळ्यावर सोडवून दाखवायचं. पहिले दोन महिने ही घरी येऊन रडायची, आता स्वतःच चुका वहीत लिहून ठेवते. दुसरा पेपर जीएटी, म्हणजे जनरल ॲबिलिटीचा, त्याच्या ६०० पैकी २०० मार्क इंग्रजीचे आहेत, दहावीपर्यंत मराठी मिडियमला असल्याने तिथे भीती होती पण मॅडमनी रोज वाचून घेऊन घेऊन ती घालवली.

आता एसएसबी, म्हणजे लेखी पास झाल्यावरची सैन्याची निवड चाचणी आणि इंटरव्ह्यू. तेही ९०० मार्कांचं, म्हणजे लेखीएवढंच. त्यात चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात. आणि इथे क्लासवाले चक्क छापील गोष्टी पाठ करायला देतात, चित्र कुठलंही दाखवा मुलं तीच पुराची आणि गाव वाचवल्याची गोष्ट लिहिणार! अहो पाच दिवस सायकॉलॉजिस्ट, जीटीओ (गटात कामं करून घेणारे ऑफिसर) आणि इंटरव्ह्यू घेणारे ऑफिसर, तिघं वेगवेगळं बघतात त्याच पोराला, तिथे पाठांतर कसं टिकेल? सरांना बोललो तर म्हणे सगळीकडे असंच चालतं. मला नाही पटलं, ती बॅच बंद केली. देवळालीला आमच्या ओळखीचे रिटायर्ड सुभेदार काका आहेत ते म्हणाले, धाकट्या भावाशी भांडण झालं की तू काय करतेस ते खरं खरं लिही बेटा. तिने तसं लिहिलं, ते वाचून मला माझी मुलगी नव्याने कळली.

अजून एक, फी भरायच्या आधी डोळे आणि रंग ओळखण्याची टेस्ट करून घ्या, क्लासवाले सांगत नाहीत. बहिणीच्या मुलाची दोन वर्षं गेली त्यात. आणि आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, सायन्स लागतं ते एअरफोर्स नेव्हीला, आम्हाला ॲडमिशनच्या वेळी उलटंच सांगितलं होतं. मुलगी दहावीत असेल तर सरकारची मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व संस्था नाशिकलाच आहे, आधी तिथला फॉर्म भरा, आम्हाला उशिरा कळलं.

लेखीसाठी ५ पैकी ५, एसएसबीला १.