आमच्या तात्याची २४ अंडी

या प्राण्यांच्या दवाखान्याला पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

तात्या म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन, गळ्याखाली काटेरी 'दाढी' असलेला पाळीव सरडा. वय दोन वर्षं, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. मुलाने हौसेने आणला आणि कॉलेजला जाताना माझ्या गळ्यात मारून गेला. डोंबिवलीत पाल दिसली की झाडू घेऊन धावणारी मी, आता रोज सकाळी याला लाल भोपळा किसून घालते आणि डुबिया झुरळं कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून देते. (रोजचा पाला म्हणून पालक घालत असाल तर बंद करा. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. ही अक्कलही मला इथेच आली.)

मार्चमध्ये त्याचं काहीतरी बिनसलं. सकाळपासून काचपेटीच्या कोपऱ्यात खरवड खरवड. पुढचे पाय चालवायचा, दमून थांबायचा, पुन्हा सुरू. खाणं बंद, पोट टम्म. ह्यांनी निदान केलं, "गॅस झालाय, ओवा देऊया का?" मी इथे फोन लावला तर दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांनी "सरडे बघत नाही" म्हणून हात वर केले होते, त्यामुळे हेच मोठं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, थंडीत झोपला होता का? होता, चांगला दीड महिना. मग त्यांनी शेपूट अलगद वर उचलून टॉर्च मारला. नर असेल तर शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे आणि मध्ये घळ दिसते. इथे तसं काही नाही. "हा तात्या बाई आहे, आणि पोटात अंडी असणार," म्हणाल्या. दुकानदाराने छातीठोकपणे नर म्हणून विकला होता, आणि आम्ही दोन वर्षं "तात्या, दाढी काळी करून दाखव" करत बसलो. म्हणे मादीही कधी दाढी काळी करते, मानही हलवते, त्यावरून काही ठरत नाही. काचेत स्वतःला बघून एक हात हळूहळू गोल फिरवायचा, त्याला आम्ही टाटा समजायचो. तो टाटा नव्हे, "मी लहान आहे, मला मारू नकोस" असं समोरच्या दांडग्याला सांगणं असतं.

पण नर नसताना अंडी? कोंबडी घालतेच की, त्या म्हणाल्या. एक्स-रेमध्ये पुसटशी लांबट गोलं दिसत होती, द्राक्षांचा घड पोटात ठेवल्यासारखी. त्यांनी २२ मोजली.

मला खरी आवडली ती पुढची गोष्ट. शस्त्रक्रियेचं नाव त्यांनी लगेच काढलं नाही. अंडी अडकली तर ती वेळ येऊ शकते, पण आधी हिला खणायला जागा द्या म्हणाल्या. फूटभर खोल प्लास्टिकची पेटी, त्यात खेळायची वाळू आणि माती अर्धी अर्धी. किती ओली? त्या वाळूच्या किल्ल्याचं सांगत होत्या, मी बेसनाच्या लाडवाचं समजले: मूठ वळली की टिकली पाहिजे, पाणी गळता कामा नये. कोरडी वाळू ढासळते आणि बाई नाराज होते. कॅल्शियमचं औषध दिलं आणि बजावलं, पाय लटपटले किंवा मलूल पडून राहिली तर रात्री-अपरात्री या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेटीत शिरली ती नुसती शेपटी बाहेर. तीन तासांनी वर आली तेव्हा अंगावरची कातडी सैल, लुगडं सुटल्यासारखी. मग तोंडाने माती ढकलून, नाकाने थोपटून थोपटून भोक बुजवलं. इतकं नीट की बाहेरून पत्ता लागू नये. मी उकरून मोजली, २४.

मुलगा फोनवर म्हणाला, आता एक नर आणूया, पिल्लं होतील. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. नर मानगूट दातात धरूनच वर चढतो, कधी जखमा होतात, आणि एकदा संग झाला की ती बीज साठवून पुढे दोन-तीन खेपा अंडी घालू शकते. दर वेळी वीसेक धरा. साठ पिल्लांची झुरळं कोण आणणार? विषय संपला. मग चिरंजीवांनी ज्ञान पाजळलं की अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेलं पिल्लूही मादी होऊन निघतं, ऑस्ट्रेलियाच्या रानात असे सरडे सापडल्याचं २०१५ मध्ये छापून आलंय. म्हणजे दुकानदार कदाचित अर्धा खरा असेल. असो.

खर्च तपासणी आणि एक्स-रे धरून २७५ डॉलर, आधी सांगितला तेवढाच. अर्धा गुण कापला तो प्रतीक्षागृहाचा. एसी इतका गार की मी तात्याला शालीत गुंडाळून पोटाशी धरून बसले, शेजारी लॅब्रॅडॉर भुंकतोय. सरडेवाल्यांसाठी एक ऊबदार कोपरा करा.

परवा पुन्हा खणणं सुरू झालंय. पेटी तयार आहे. फक्त तुमच्या बिलावर अजूनही "तात्या, नर" छापून येतं, तेवढं कुणीतरी दुरुस्त करा.