नव्या मुख्याध्यापकांचं शाळा-नेतृत्व प्रशिक्षण: द्विशिक्षकी शाळेला किती उपयोगी?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट (दाखल मुलांची संख्या) असेल तर दोन शिक्षक मिळतात. पूर्णवेळ मुख्याध्यापकाचं पद मिळतं ते पट १५० च्या वर गेल्यावर. म्हणजे वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक हा मुळात वर्गशिक्षक. दोघांमधला जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडे प्रभार. त्याला ना स्वतंत्र खोली, ना लिपिक, ना शिपाई, ना एकही मोकळी तासिका. शाळा-नेतृत्वाचं कुठलंही प्रशिक्षण चांगलं की वाईट हे ठरवताना आधी हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक सत्रांत दिसत नाही.

सध्या नव्या मुख्याध्यापकाच्या वाट्याला साधारण दोन गोष्टी येतात. पहिली ऑनलाइन: दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचे निष्ठा अभ्यासक्रम, म्हणजे शिक्षक-मुख्याध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय प्रशिक्षणाचे. दुसरी प्रत्यक्ष: तालुका किंवा जिल्हा पातळीवर दोन-तीन दिवसांची कार्यशाळा. नवी दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेतल्या राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्राने नेतृत्व विकासाचा जो आराखडा केला आहे, त्यात सात क्षेत्रं आहेत: नेतृत्वाचा दृष्टिकोन, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी आणि शाळेचं प्रशासन. कार्यशाळेतली सत्रं फिरून फिरून याच विषयांवर येतात. हे परीक्षण या दोन्हींचं आहे, पण मोजपट्टी एकच: दोन शिक्षक, पाच वर्ग, चाळीसेक मुलं.

आधी ऑनलाइन भाग. निष्ठा ३.० च्या बारा अभ्यासक्रमांत पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी शाळा-नेतृत्व असा एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तीन-चार तासांचा आहे. शेवटच्या प्रश्नमंजूषेत ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. सगळ्या उपलब्ध साहित्यात छोट्या शाळेच्या सर्वात जवळचं हेच, कारण ते मुख्याध्यापकाला कार्यालयातून उठवून वाचनाच्या पुस्तकापाशी आणून बसवतं. तोटा असा की व्हिडिओ पुढे सरकवून थेट प्रश्नमंजूषा सोडवता येते, आणि केंद्राला (आसपासच्या शाळांच्या गटाला) पूर्ततेच्या टक्केवारीची घाई असली की तसंच होतं. प्रमाणपत्र मिळतं, सोमवारी वर्गात काही बदलत नाही. नवं शैक्षणिक धोरण शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांकडूनही वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. ते तास असे भरले तर नुसती बेरीज होते.

प्रत्यक्ष कार्यशाळेत दृष्टिकोन, स्वतःचा विकास आणि संघबांधणी यांवर निम्मा वेळ जातो. व्हिजन-मिशनचे तक्ते, गटकार्य, सादरीकरण. सुलभक (सत्र घेणारा) चांगला असेल तर दिवस मजेत जातो, यात वाद नाही. पण दोन माणसांच्या शाळेत संघबांधणी म्हणजे एका सहकाऱ्याशी जमवून घेणं, आणि तो सहकारी वयाने मोठा, त्याच गावचा किंवा कालपर्यंत बरोबरीचा असू शकतो. त्याला काम कसं सांगायचं यावर एक तास मिळाला तरी पुरे. तो सहसा मिळत नाही.

सर्वात मोठी उणीव चार्ज घेण्याबाबत, म्हणजे आधीच्या मुख्याध्यापकाकडून शाळेचा कारभार ताब्यात घेण्याबाबत आहे. नव्या मुख्याध्यापकाची पुढची तीन वर्षं सुखात जाणार की खुलासे लिहिण्यात, हे पहिल्या आठवड्यात ठरतं. तरीही चार्ज यादीवर सही करण्याआधी काय पाहायचं ते कुणी समोर बसवून शिकवत नाही. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) उघडून नोंदणी क्रमांक सलग आहेत का, मधे कोरी ओळ सोडली आहे का, शेवटचा शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या क्रमांकाचा आहे हे पाहावं. कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक मोजून घ्यावं. जन्मतारीख किंवा नावात खाडाखोड दिसली तर शेजारी वरिष्ठांच्या आदेशाचा क्रमांक हवा. नसेल तर चार्ज यादीतच तसा शेरा लिहून घ्यायचा, नंतर नाही. कॅशबुकातली शिल्लक पासबुकाशी जुळवायची. डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंची नोंद) वाचून नव्हे, वस्तू हाताने मोजून पाहायचा. तांदळाची शिल्लक वजनकाट्यावर.

आणि मोबाइल नंबर. युडायस प्लस आणि सरल (शाळेची व मुलांची माहिती भरायची पोर्टलं), पोषण आहार, शालार्थ (पगाराचं पोर्टल), बँक, प्रत्येक ठिकाणी ओटीपी कोणाच्या नंबरवर जातो याची यादी पहिल्या दिवशी करावी. जुने गुरुजी बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेले, त्यांच्या भागात रेंज नाही आणि इकडे माहिती भरायची शेवटची तारीख आज आहे, हा प्रसंग इतक्या शाळांत येतो की त्यावर अर्धा तासही न देणारं प्रशिक्षण अपुरंच म्हणायला हवं. बँकेत सही बदलायला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. ठराव, केवायसी आणि शाखेतल्या फेऱ्या यात महिना सहज जातो. तोवर खात्याला हात लावता येत नाही, म्हणून समितीची पहिली सभा रुजू झाल्या आठवड्यातच घ्यावी.

पैशांवरचं सत्र कार्यशाळेत असतं, पण ते नियम वाचून दाखवण्यापुरतं. प्रत्यक्षात हिशोब छोटा आहे आणि छोटा असल्यामुळेच अवघड आहे. समग्र शिक्षाच्या निकषांनुसार संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. २८ पटाच्या शाळेत १,००० रुपये साबण, फिनेल, झाडू यांत गेले की उरलेल्या ९,००० मध्ये खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. बिल थकलं की वीज तुटते, मग टीव्ही आणि टॅब धूळ खातात. म्हणून आधी बारा महिन्यांचं वीजबिल बाजूला काढून मग खरेदीची यादी करावी, हा क्रम शिकवायला हवा. दुसरं, खर्च मार्चवर ढकलायचा नाही. वर्षअखेरीला पोर्टल हळू चालतं, विक्रेत्याच्या खात्याचा एक आकडा चुकला की रक्कम परत येते, आणि ३१ मार्चनंतर ती हातातून जाते.

पोषण आहाराचं गणित तर फळ्यावर करून घ्यावं असं. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. ३८ मुलं हजर असतील तर तांदूळ ३ किलो ८०० ग्रॅम, डाळ ७६० ग्रॅम, भाजी १ किलो ९०० ग्रॅम, तेल १९० ग्रॅम. सहावी ते आठवीला धान्य १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात ग्रॅम. सातवीपर्यंतच्या शाळेत नवखा माणूस सगळ्यांना एकच प्रमाण लावतो आणि महिन्याअखेरीस साठा जुळत नाही. न जुळण्याचं दुसरं कारण पोत्यात असतं. ५० किलोचं पोतं म्हणून पावतीवर सही होते, वजन कमी भरतं, आणि तूट मुख्याध्यापकाच्या नावावर चढते. गाडी उभी असतानाच वजन करून पावतीवर प्रत्यक्ष आकडा लिहिणं हा उपाय आहे, त्यासाठी काटा शाळेत हवा. हजेरी पटावरचा, ऑनलाइन नोंदीतला आणि साठा नोंदवहीतला लाभार्थी आकडा एकच असावा, चव रजिस्टरवरची सही जेवण वाढण्याआधीची असावी. तपासणीत पहिल्यांदा हेच उघडतात.

आता वर्ग. आराखड्यातलं अध्ययन-अध्यापनात बदल हे क्षेत्र सगळ्यात मोलाचं आहे आणि कार्यशाळेतही यावर बरं साहित्य मिळतं. अडचण उदाहरणांची. वर्गनिरीक्षणाच्या सत्रात दाखवतात तो मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून तपशीलवार तक्ता भरतो. द्विशिक्षकी शाळेत तो मागे बसला तर त्याचे तीन वर्ग कोण सांभाळणार? इथे जमतं ते असं: आपल्या मोठ्या मुलांना लेखी काम देऊन, दार उघडं ठेवून, पंधरवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं शेजारच्या वर्गात जायचं. तक्ता नाही. तीन मुलांना एकेक मिनिट वाचायला सांगायचं आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानाच्या उद्दिष्टात दुसरीच्या मुलाने अपरिचित मजकूर अर्थ समजून मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणं अपेक्षित आहे, तिसरीला किमान ६०. मजकूर पाठ्यपुस्तकातला घेतला तर मूल पाठ म्हणून दाखवतं आणि आकडा फुगतो, त्यामुळे उतारा न वाचलेला हवा. मग सहकाऱ्याशी बोलायचं ते त्याच्या अध्यापनाबद्दल नाही, त्या तीन मुलांबद्दल. बरोबरीच्या माणसाला हे बोलणं टोचत नाही, आणि पुढच्या खेपेला तोच आपला वर्ग बघायला येऊ शकतो.

वेळापत्रकावर मात्र प्रशिक्षण जवळपास गप्प. दोघांत पाच वर्गांची जोडणी हा या शाळेतला सर्वात मोठा निर्णय. मुख्याध्यापकाने चौथी-पाचवी घ्यायची आणि पहिली ते तिसरी सहकाऱ्याच्या गळ्यात, ही रूढ वाटणी कागदकामाला सोयीची असते, पण पायाभूत वाचनाचा सगळा भार एकाच माणसावर पडतो. पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे ही जोडणी बहुतेक ठिकाणी जास्त चालते. चाळीस मिनिटांची तासिका असेल तर एका वर्गाला पंधरा मिनिटं थेट शिकवणं, तेवढ्यात दुसऱ्या गटाला जोडीने करायचं काम, मग अदलाबदल, शेवटची दहा मिनिटं तपासणीला. बिघडतं ते स्वयंअध्ययनात. पाठ बघून लिहा एवढंच काम दिलं की पाच मिनिटांत गोंगाट. आदल्या दिवशी कार्डं, मणी, वाचनपेटी काढून ठेवलेली असली तरच बहुवर्ग अध्यापन चालतं.

याला जोडूनच एकट्याच्या दिवसाचं वेळापत्रक. एक शिक्षक बैठकीला, रजेवर किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. असा दिवस येणारच, म्हणून त्याचा वेगळा कागद भिंतीवर लावलेला हवा: पहिला तास सगळ्यांना गोष्ट आणि स्तरानुसार प्रश्न, दुसरा तास वाचनाच्या पातळीनुसार गट आणि प्रत्येक गटाला पाचवीतला एक गटप्रमुख, आणि असंच पुढे. गंमत अशी की नेतृत्वाची तीन दिवसांची कार्यशाळा हाच अशा दिवसांचा मोठा पुरवठादार आहे. एकशिक्षकी शाळेत तर ती कार्यशाळा म्हणजे शाळेला जवळजवळ कुलूपच.

भागीदारीच्या क्षेत्राला चांगले गुण. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, शाळा विकास आराखडा समितीने करायचा, हे कायद्यातलं सगळं नीट सांगतात आणि भूमिकानाट्यही घेतात. राहून जातं ते सभेचं तंत्र. अकरा वाजता सभा ठेवली तर पेरणी-काढणीच्या दिवसांत गणपूर्ती होत नाही, मग इतिवृत्त आधी लिहून घरोघर सह्या, आणि अशा इतिवृत्तावर पुढे तक्रार झाली की बचाव उरत नाही. सभा संध्याकाळी, विषय तीनच, आणि ठरावात रक्कम, वस्तू, सूचक व अनुमोदक स्पष्ट. महिला सदस्यांना बोलतं करायचं असेल तर पहिला विषय आहाराचा किंवा शौचालयाचा ठेवा.

आयोजकांनी यात काय बदलावं? तीन सलग दिवसांऐवजी शाळा सुरू होण्याआधी दोन दिवस घ्यावेत: एक पूर्ण दिवस चार्ज, पैसे व आहार, खऱ्या रजिस्टरांवर, आणि दुसरा दिवस वेळापत्रक व वाचन तपासणी. त्यानंतर वर्षभर केंद्राच्या शिक्षण परिषदेत (गटातल्या शिक्षकांच्या बैठकीत) नव्या मुख्याध्यापकांसाठी दर महिन्याला एक तास. सोबती मुख्याध्यापक द्यायचा तर तो तेवढ्याच पटाच्या शाळेतला हवा. चारशे पटाच्या केंद्रशाळेतल्या माणसाचा सल्ला प्रामाणिक असतो, पण त्याच्याकडे लिपिक असतो.

नव्याने प्रभार घेणाऱ्याने निष्ठा ३.० चा नेतृत्वाचा आणि अध्ययन मूल्यमापनाचा अभ्यासक्रम पहिल्या सत्रात करावा, बाकीचे दिवाळीनंतर. कार्यशाळेला जाताना शाळेचं जुनं कॅशबुक आणि साठा नोंदवही पिशवीत न्यावी, चहाच्या सुट्टीत शेजारच्या अनुभवी मुख्याध्यापकाकडून तपासून घेता येते. दीक्षावर साहित्य वायफाय असेल तिथे आधी उतरवून ठेवलं तर वस्तीवर रेंजशिवाय पाहता येतं. पूर्ण झाल्याची नोंद मात्र नेट मिळाल्यावरच वर जाते, आणि प्रश्नमंजूषेला प्रयत्न तीनच मिळतात.