मळसूत्री जोडणीचा कॉम्प्रेशन गेज : हजार-बाराशे रुपयांत काय मिळते?

पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजणारे गेज दोन प्रकारचे मिळतात. एकाचे रबरी टोक स्पार्क प्लगच्या छिद्रावर हाताने दाबून धरावे लागते, तर दुसऱ्याची नळी प्लगच्याच जागी आटे देऊन बसवता येते. मी घेतलेला हजार-बाराशे रुपयांचा बिननावाचा संच दुसऱ्या प्रकारचा आहे. हल्लीच्या मोटारींचे प्लग हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) खोल बसवलेले असल्यामुळे रबरी टोक तिथे नीट टेकतच नाही, तेव्हा निवडीचा फारसा प्रश्न नव्हता.

तपासायची गाडी तीन सिलिंडरची, बाहेरून सीएनजी किट बसवलेली जुनी हॅचबॅक होती. प्लग आणि कॉइल बदलूनही ती आयडलिंगला मिसिंग करत होती आणि गॅरेजमध्ये नुसत्या आवाजावरून ‘रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, इंजिनकाम करावे लागेल’ असे सांगण्यात आले होते. इंजिन तापवून किंचित निवू दिले, कारण फार कढत असताना प्लग काढले तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे खराब होतात. मग तिन्ही प्लग काढून, कॉइल व इंजेक्टरच्या जोडण्या सोडवून आणि सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवत काटा स्थिरावेपर्यंत स्टार्टर फिरवला. आकडे आले १६५, १६० आणि १०५ पीएसआय (दाबाचे एकक). तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले, तर १०५ चे जेमतेम ११० झाले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फटी बुजून आकडा चांगलाच चढला असता. हेड गॅस्केट (हेडखालची सील) दोन सिलिंडरच्या मधे फाटले असते तर शेजारचाही आकडा पडला असता. उरला व्हॉल्व्ह. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली दिसली, आणि खालच्या पिस्टन-रिंगांना हात लावावा लागला नाही. सीएनजीवर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) झिजून टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) कमी होत जाते, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि त्याची उष्णता सीटमधून बाहेर पडत नाही. किट बसवणारे हे क्वचितच सांगतात.

गेजच्या अचूकतेबद्दल मात्र भाबडेपणा नको. ओळखीच्या मेकॅनिकच्या भारी गेजपेक्षा हा सर्व सिलिंडरमध्ये सारखाच थोडा कमी दाखवतो, शिवाय पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के कमी दाब मिळणे स्वाभाविकच आहे. पण निदानासाठी महत्त्वाचा असतो तो सिलिंडर-सिलिंडरमधला फरक, आणि तो साधारण दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे गेला की शोध घ्यावा. तेवढे काम हा गेज चोख करतो.

खरी उणीव गेजच्या नळीच्या टोकातल्या, दाब अडवून धरणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची आहे. तो गळू लागला की काटा प्रत्येक दाबानंतर खाली येतो आणि धडधाकट इंजिनही आजारी भासते. त्या जागी टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवण्याचा मोह होतो, परंतु त्याची स्प्रिंग कडक असल्याने आकडे आणखी कमी येतात. कॉम्प्रेशन गेजसाठीचा नरम स्प्रिंगचाच व्हॉल्व्ह मागून घ्यावा. डिझेल गाडीवर हा संच मुळीच लावू नये, कारण तिथे दाब सहज ४०० पीएसआयच्या घरात जातो आणि या गेजची तबकडी ३०० ला संपते.