गंज काढायचा कॅन: आठ महिन्यांचा वापर आणि एक तुटलेली स्प्रिंग

मे महिन्यात पोफळीच्या अलीकडे जीपच्या मागच्या डाव्या चाकातून जळका वास यायला लागला. कुंभार्ली घाटाची चढण अजून सुरूही झाली नव्हती. चाकाला हात लावता येत नव्हता इतकं तापलेलं. मेस्त्रींनी ड्रम उतरवला, तर ब्रेक शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगचे दोन तुकडे हातात आले. स्प्रिंग झिजलेली नव्हती की सैल पडलेली नव्हती, काचेसारखी सरळ मोडली होती. आदल्या दिवशी मीच ती बसवली होती आणि त्याच्या आदल्या रात्री ती या कॅनमधल्या द्रवात बुडवून ठेवली होती.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर दुकानात याच जातीचे आणखी तीन-चार कॅन हातात घेऊन वाचले आणि लेबलं सगळ्यांची तशीच निघाली. फॉस्फोरिक ॲसिडवाला तयार द्रव, 5 लिटरचा कॅन, मला 1,850 रुपयांना पडला. दिवाळीनंतर घेतला, आता जुलै चालू आहे.

घेतला कशासाठी ते सांगतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा अण्णांचं गॅरेज गाळाखाली गेलं. हत्यारं बाहेर काढली, रॉकेलने पुसली आणि गोणीत भरून माळ्यावर टाकली. घर सावरायचं होतं, हत्यारांकडे कोण बघणार! गेल्या दिवाळीत गोणी उघडली तर रिंग पाने एकमेकांना चिकटलेले, कानशींचे दात दिसेनात, शेगड्याचा, म्हणजे व्हाइसचा, स्क्रू जाम. अण्णांचं म्हणणं, वीटकरीची पूड आणि रॉकेल घेऊन घास. चाळीस पाने घासायला माझ्याकडे तेवढे रविवार नव्हते.

पहिल्या महिन्यात मी या कॅनवर बेहद्द खूश होतो. रात्री टाकलेला पाना सकाळी नुसता नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ व्हायचा. एका पान्यावरून लाल चिखल ओघळला आणि खाली अण्णांनी पंचने ठोकलेले तीन ठिपके दिसले. गॅरेजात चार जणांची हत्यारं एकत्र असायची, म्हणून ही त्यांची खूण. मी विसरूनच गेलो होतो. त्या दिवशी त्यांनी चहा बाजूला ठेवून एकेक पाना हातात घेतला आणि कुठला कुठे वापरायचे ते सांगत बसले. एवढ्यासाठीच कॅनचे पैसे वसूल झाले असं तेव्हा वाटलं होतं.

मग हिशेब करायला बसलो. लिटरला 370 रुपये, आणि एक बादली दहा-बारा पान्यांतच काळवंडते. किराणा दुकानात लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मला किलोला 200 रुपयांच्या आत मिळालं. लिटरभर पाण्यात 80 ग्रॅम टाकलं की काम होतं. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात, तसंच हे. गंज उतरतो तसा पाण्याचा रंग हिरवट-पिवळा होत जातो. कोमट पाणी असेल तर सहा तासांत बराच गंज सुटतो, थंडीत रात्रभर लागते. 24 तास मात्र ठेवू नका. मी एक पटाशी विसरलो होतो, तिचा पृष्ठभाग खरबरीत झाला आणि ती पुन्हा धार लावून घ्यावी लागली. जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्टही यात टाकू नका, गंजाबरोबर मुलामाही जातो. फेब्रुवारीपर्यंत माझं मत ठाम झालं होतं: तयार कॅन म्हणजे पैशांची नासाडी.

जूनने हे मत बदललं. लिंबूफुलातून काढलेला ब्रॅकेट धुतला, पुसला, पडवीत ठेवला. दुपारच्या चहापर्यंत त्यावर पिवळी झाक. चिपळूणच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड तासभरही टिकत नाही. त्याच्याच जोडीचा दुसरा ब्रॅकेट कॅनमधून काढला होता, तो चार दिवस तसाच राहिला. कारण फॉस्फोरिक ॲसिड नुसता गंज काढत नाही, लोखंडावर फॉस्फेटचा राखाडी थर धरतं. रंग मारायच्या भागांना हा थर फार उपयोगी, प्राइमरही त्यावर घट्ट बसतो. म्हणजे कॅनला नासाडी म्हटलं ते मी मागे घेतो. चासीचे भाग, बंपरच्या पट्ट्या, ग्रिल यांना कॅन. पाने, पकडी, कानशी, जिथे शेवटी तेलच लावायचं आहे, तिथे लिंबूफूल.

लिंबूफुलातून काढलेल्या वस्तूवर पिवळेपणा येऊ नये म्हणून आता एक करतो. आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतो, मग बंबातल्या कडकडीत पाण्यात दोन मिनिटं. लोखंड स्वतःच तापतं आणि बाहेर काढल्यावर पाणी आपोआप उडून जातं. गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवायचा. कापडाने पुसून सांध्यांतलं पाणी निघत नाही.

शेगडा बीडाचा आणि अवजड, त्याला बादली पुरली नाही. तो ड्रमात धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून विजेवर काढला. जुना ट्रान्सफॉर्मरवाला 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक शेगड्याला, धन टोक सळईच्या तुकड्यांना. नवे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. घरातलं जुनं स्टीलचं पातेलं धन टोकाला कुणी लावू नका, स्टेनलेसमधला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन वायू सुटतो. आणि हे उघड्यावरच करा, बुडबुड्यांतून हायड्रोजन निघत असतो.

याच हायड्रोजनमुळे माझी स्प्रिंग मोडली असं मी आता मानतो, आणि माझा सगळा राग याच मुद्द्यावर आहे. ॲसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन तयार होतो. बराचसा उडून जातो, थोडा पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचा विशेष त्रास नसतो. पण स्प्रिंगसारखं कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. ते लगेच मोडत नाही, ताण बसल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मोडतं. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. मुलामा देणारे कारखाने म्हणूनच कडक बोल्ट ॲसिडनंतर सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवतात. ही काही नवी माहिती नाही, त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते.

लेबलवर काय आहे? चकचकीत बोल्टचं चित्र, 'सर्व लोखंडी वस्तूंसाठी सुरक्षित', हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा. आत कुठलं ॲसिड आहे तेसुद्धा नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर 'कंपनीचा फॉर्म्युला आहे सर'. मोडलेल्या स्प्रिंगचे फोटो पाठवले, तर डीलरशी बोला. डीलर म्हणाला, स्प्रिंगच जुनी असेल. तीन ईमेलनंतर तांत्रिक माहितीपत्रक आलं. चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय: स्प्रिंग आणि कडक पोलादाच्या भागांसाठी वापरू नये. म्हणजे त्यांना माहीत होतं! कॅनच्या पाठीवर तीन बोटं रिकामी जागा आहे. हे एक वाक्य तिथे छापायला किती शाई लागली असती? लोक हा द्रव ब्रेकच्या भागांना वापरतात, हे विकणाऱ्यालाही कळतं.

नवी स्प्रिंग फार महाग नव्हती, पैशांचा प्रश्नच नाही. घाट उतरताना, गाडीत आई असताना हे झालं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आता ब्रेकच्या स्प्रिंगा, पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पानं, कडक बोल्ट यांना कुठलंच ॲसिड नाही, वीजही नाही. वायर ब्रश आणि रॉकेल. गंजाने खड्डे पडले असतील तर सरळ नवीन. भट्टीचा उपाय मी घरी करणार नाही, ब्रेकच्या बाबतीत तर मुळीच नाही. अण्णांची वीटकरीची पूडही पुन्हा पडवीत आली आहे.

कॅनमध्ये अजून दीड लिटर शिल्लक आहे. पुढच्या बंपरच्या पट्ट्या त्यात होतील. कॅनच्या पाठीवरच्या त्या रिकाम्या जागेत मी जाड मार्करने लिहून ठेवलंय: स्प्रिंग घालू नये. शेजारचा मुलगा परवा सायकलचे भाग घेऊन आला होता, त्याला कॅन देण्याआधी तेवढं वाचायला लावलं.