दंडाची चरबी उतरवून देणारा कोर्स: माझी फसवणूक कशी झाली

दंडाच्या मागे लोंबणारी चरबी ‘फक्त तिथूनच’ उतरवून देतो, असं सांगून माझ्याकडून पैसे घेतले गेले. नंतर माझेच फोटो दाखवून तो कोर्स इतर बायकांना विकला गेला. बिनबाह्यांचे कपडे मनात असूनही न घालणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. अशा जाहिराती नेमक्या त्यांच्यासमोर येतात, म्हणून हे लिहिते आहे.

पैसे भरल्यावर घट्ट रबरी बाह्या आणि चोळल्यावर गरम वाटणारं जेल घरी आलं. व्यायाम मोबाइलवर कोर्सच्या ॲपमध्ये दिसायचे. हात पसरून छोटे छोटे गोल फिरवायचे, एवढंच. आहाराचा तक्ता इतका तुटपुंजा होता की दुपारनंतर गळून गेल्यासारखं व्हायचं.

खरी लबाडी मोजमापात होती. पहिलं माप संध्याकाळी, बाही न घालता घ्यायला लावलं. त्यानंतरची सगळी मापं मात्र बाही काढल्या काढल्या घ्यायची. घट्ट बाहीमुळे कातडीखालचं पाणी दाबलं जाऊन बाजूला सरकतं, त्यामुळे टेपवर घेर कमी भरतो आणि काही वेळाने पुन्हा होता तेवढा होतो. शिवाय उपासमारीसारखं खाल्लं की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी जातं. काट्यावर सुरुवातीला दिसणारी घट बरीचशी या पाण्याचीच असते. मी सकाळी उठल्यावर, बाही चढवण्याआधी मोजलं, तर घेर पहिल्याइतकाच. कोर्सच्या कोचला कळवलं. उत्तर आलं, “ताई, तुम्ही चुकीच्या वेळी मोजताय.”

फोटोंचंही तसंच. ‘आधी’च्या फोटोत हात अंगाला चिकटवून उभं राहायला सांगतात, म्हणजे दंड दबून पसरतो. ‘नंतर’च्या फोटोत हात कमरेवर आणि उजेड बाजूने. एवढ्यावर दंड बारीक दिसतो.

माझ्या फिजिओथेरपिस्टने जे समजावलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. व्यायाम करणारा स्नायू शेजारच्या चरबीतून इंधन ओढत नाही. चरबी साऱ्या शरीरातून सुटून रक्तात येते आणि ती कुठून आधी कमी होणार हे बरंचसं अनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. १९७१ साली टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले होते. खेळायच्या हाताचा घेर जास्त भरला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळून जे होत नाही, ते जेलने कसं होणार?

दंडाच्या मागचा स्नायू, ट्रायसेप्स, मात्र नक्की बळकट करता येतो. त्याला पुरेसं वजन हवं: डोक्यामागून डंबेल वर उचलणं, हात जवळ ठेवून जोर काढणं, आणि झेपेल तसं वजन वाढवत नेणं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये विश्रांती. सोबत पोटभर प्रथिनं आणि एकूण खाण्यात थोडीशीच काटछाट. बदल दिसायला महिने लागतात. खूप वजन उतरल्यावर सैल पडलेली कातडी व्यायामाने पूर्ण आवळली जात नाही, हेही ऐकून ठेवा, कारण तिच्याच नावावर सर्वांत महागडी आश्वासनं विकली जातात.

‘फरक न पडल्यास पैसे परत’ या हमीखाली बारीक अक्षरात अट होती: रोज उघड्या दंडाचा फोटो पाठवायचा, एक दिवस चुकला तर हमी रद्द. पुढे ओळखीच्या एका मुलीने मला जाहिरात पाठवली. त्यात दंड माझे होते, नाव दुसरंच आणि खाली मी कधीही न लिहिलेला अभिप्राय. ते पाहून आलेला संताप अजून उतरलेला नाही. म्हणून अशा कुणालाही फोटो पाठवू नका, पाठवलेच असतील तर वापराची परवानगी नाही असं लेखी कळवा.

ॲप काढून टाकल्यावरही पैसे कापले जात राहिले, कारण ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते आणि बँकेलाही आपोआप कपातीची परवानगी काढून घेतल्याचं कळवावं लागतं. मी दोन्ही केलं, तेव्हा कपात थांबली. फोटोची तक्रार केल्यावर ती जाहिरात हटवली गेली. भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. पावत्या आणि कोचचे सगळे संदेश जपून ठेवले आहेत, ग्राहक तक्रारीला तेच जोडते आहे.