जपानला पाठवणारा आमच्याकडचा क्लास: भाषेला पाच स्टार, हिशोबाला एक

एसटी स्टँडसमोर त्या क्लासचं नवीन फ्लेक्स लागलंय आणि त्याच्यावर माझा फोटो आहे. निळा कव्हरऑल, हात बांधून उभा, खाली मोठ्या अक्षरात "जपानमध्ये ऑटोमोबाइल इंटर्नशिप, महिना १ लाख". मला कोणी विचारलं नाही. आता रोज कोणी ना कोणी पोट्टा गॅरेजवर येऊन विचारून राहिला, दादा खरंच का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. क्लासचं नाव लिहीत नाही, आपल्याकडचे ओळखतीलच.

मी दारव्हा तालुक्यातला. घरी चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि मधात तूर. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला, नंतर रोडवरच्या एका गॅरेजवर हाताखाली होतो, मग २०२१ च्या दिवाळीनंतर हा क्लास लावला, २०२२ च्या शेवटी गेलो आणि तीन वर्षं पूर्ण करून परत आलो. नागोयाच्या बाजूला होतो, आइची प्रांतात. टोयोटाचं गाव त्याच प्रांतात आहे म्हणून आमच्या गावात अजून सांगतात की हा टोयोटात होता. नव्हतो बाप्पा. बारा माणसांचं वर्कशॉप होतं, गाड्यांच्या तपासणीचं आणि दुरुस्तीचं. आणि "ऑटोमोबाइल" म्हटलं की सगळ्यांना वाटते गाड्या बनवायला चाललो, तसंही नसते. मी ज्या स्कीममधून गेलो, जपान सरकारची टेक्निकल इंटर्न ट्रेनिंग, तिच्यात काम ठरलेल्या प्रकारांतूनच मिळते, म्हणजे वेल्डिंग, मेटल प्रेस, पेंटिंग, प्लास्टिक मोल्डिंग, गाडीचे सीट शिवायचं कामसुद्धा, आणि २०१६ पासून गाडी दुरुस्ती. माझ्यासोबतचे दोघं प्रेसवर गेले, तीन वर्षं त्यांनी गाडीचं इंजिन उघडं पाहिलं नाही.

पहिले चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. क्लास एका जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये भरतो, उन्हाळ्यात वरचे टिनं इतके तापतात की दुपारी कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून जपानी शिकवणाऱ्या मॅडम सकाळी साडेपाचला सुरू करत. हिरागाना, काताकाना या दोन जपानी लिप्या मिळून ९२ अक्षरं तीन आठवड्यांत पाठ, नाही झाली तर नाश्ता उशिरा. रागावत नव्हत्या, फक्त तुमची वही हातात घेऊन शांत उभ्या राहत, ते जास्त लागायचं. आमच्यातले निम्मे पोट्टे मराठीतही दोन वाक्यं सरळ बोलत नव्हते, त्यांच्याकडून या बाईनं एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी) काढून घेतली आणि आठ-दहा जणांची त्याच्या वरची एन४ पण. परीक्षेसाठी रात्रभर ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो तर त्या सोबत आल्या, स्वतःच्या तिकिटानं. वाकून नमस्कार कसा, दोन्ही हातांनी वस्तू कशी द्यायची, उशीर होणार असेल तर आधी फोन, होउरेन्सो म्हणजे काय (सांगा, कळवा, विचारा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पालक, त्यामुळे मेसमध्ये पालकाची भाजी आली की सगळे एकमेकांना रिपोर्ट द्यायचे), हे सगळं तिथं गेल्यावर रोज कामी आलं. आमच्या वर्कशॉपचा मालक पहिल्या महिन्यात म्हणाला की तुझी भाषा आधीच्या पोरांपेक्षा बरी आहे. हा पॉइंट मॅडमचा, क्लासच्या मालकाचा नाही.

आता टेक्निकल ट्रेनिंग. फ्लेक्सवर लिहिलंय "अत्याधुनिक वर्कशॉप". आमच्या वेळी एक मारुती आठशेचं इंजिन स्टँडवर ठेवलेलं होतं, पिस्टन नसलेलं, आणि भिंतीवर लॅमिनेशनचा एक चार्ट. बस. आता सुधारलं असेल तर कोणीतरी खाली लिहा, मी काढून टाकतो. पण माझा खरा राग वर्कशॉपवर नाही, शब्दांवर आहे. आम्हाला स्टेशनवर रस्ता कसा विचारायचा ते शिकवलं, काकूला जपानीत काय म्हणतात ते शिकवलं, आणि कामाचा एकही शब्द नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमचा हेड मेकॅनिक, पन्नाशीचा, गाडीखालून ओरडला, "मेगाने तोत्ते!" मेगाने म्हणजे चष्मा, हे मला पक्कं पाठ, मॅडमनं नवव्या दिवशी शिकवलेलं. मी पळत ऑफिसात गेलो, त्याच्या टेबलावरचा चष्मा उचलला आणि दोन्ही हातांनी अदबीनं गाडीखाली दिला. दोन सेकंद काहीच आवाज नाही, नंतर अख्खं वर्कशॉप हसत होतं. त्याला पाहिजे होता रिंग पाना. त्या पान्याला दोन्ही बाजूंनी गोल असते ना, म्हणून ते लोक त्याला चष्मा-रेंची म्हणतात. आता हे क्लासमध्ये सांगायला किती वेळ लागला असता, दोन मिनिटं?

आणि गंमत म्हणजे आपल्या पोट्ट्यांसाठी हे शब्द सगळ्यात सोपे आहेत. स्पॅनरला ते म्हणतात सुपाना, आपण म्हणतो पाना. स्टिअरिंगला ते हान्दोरु, आपल्याकडचे ट्रॅक्टरवालेही हँडलच म्हणतात. पंक्चर म्हणजे पान्कु. इंजिन बंद पडलं की एन्सुतो. स्क्रू ड्रायव्हर पुरासु आणि मायनासु, म्हणजे प्लस-मायनसच. सगळे काताकानात लिहिलेले. मी एका जुन्या डायरीत असे तीनशेच्या वर शब्द लिहून काढले, रोज रात्री, आणि परत आल्यावर ती डायरी क्लासला द्यायला गेलो होतो. क्लासचे साहेब म्हणाले, ठेवून जा, बघतो. नाही ठेवली.

कामाबद्दल थोडं लिहितो कारण पोट्टे तेच विचारतात. तिथं शाकेन म्हणून सरकारी तपासणी असते, नव्या कारला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी, ती पास नाही तर गाडी रोडवर आणता येत नाही. आमचं बहुतेक काम त्याचंच. ब्रेक उघडा, पॅडची जाडी मोजा, रबरी बूट (सांध्यांवरची कव्हरं) फाटले का पहा, लाइटची दिशा, धूर, सगळं फॉर्मवर. छोट्या पिवळ्या नंबर प्लेटच्या गाड्या खूप येत, ६६० सीसीच्या, आपल्या आठशेपेक्षाही लहान इंजिन. आपल्याकडे चाकाचा नट कसला की वरून पायानं एक दाब देतात आणि झालं. तिथं टॉर्क रेंचनं (किती जोरानं कसलं ते मोजणारा पाना), साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, गाडीप्रमाणं आकडा वेगळा, मग परत एकदा फिरून सगळे नट तपासायचे आणि प्रत्येकाकडे बोट दाखवून मोठ्यानं "योशी", म्हणजे ठीक आहे, म्हणायचं. पहिले पंधरा दिवस मला लाज वाटे. आता माझ्या गॅरेजवर मी ट्रॅक्टरच्या चाकालाही योशी म्हणतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे पाहत राहते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते, ती पास केली तरच दुसरं वर्ष. क्लासनं हे सांगितलं होतं, एका वाक्यात. मी तिथं जाऊन पुस्तक उघडलं.

आता पैसे. जायच्या आधी क्लासच्या सेमिनारला माझा बाबा सोबत आला होता. साहेबांनी पडद्यावर "१ लाख" दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाबानं हात वर करून विचारलं, "साहेब, हे लाख कट्टी कापून का कट्टीसकट?" बाजार समितीत आयुष्य गेलेला माणूस, तो दुसरं काय विचारणार. सगळे हसले, साहेबही हसले, आणि उत्तर दिलंच नाही.

उत्तर मी देतो. मी गेलो तेव्हा आइचीत किमान मजुरी ताशी ९८६ येन होती. आठ तास, महिन्याचे २१ दिवस धरा, १ लाख ६५ हजार येन. तेव्हा येन साठ पैशांच्या आसपास होता, म्हणजे झाले की ९९ हजार. तो लाख खोटा नाही, फक्त कट्टीसकट आहे, म्हणजे कपातीच्या आधीचा. त्याच्यातून आरोग्य विमा आणि पेन्शन मिळून पंधरा टक्क्यांच्या जवळपास, थोडा इन्कम टॅक्स, माझ्या खोलीचं भाडं २२ हजार, लाइट-गॅस-पाणी आठ हजार. हातात १ लाख ८ हजार येनच्या मागंपुढं. जेवण, फोन, थंडीचे कपडे गेले की घरी बेचाळीस हजार रुपये पाठवत होतो, ओव्हरटाइम असला तर पन्नास. नंतर मजुरी दर ऑक्टोबरला वाढत गेली, २०२४ मध्ये १,०७७ झाली, पण येन पडून ५५ पैशांच्या खाली-वर आला, त्यामुळे रुपयात फरक फारसा दिसला नाही. येन पडतो हेही कोणी सांगत नाही.

अजून दोन गोष्टी लपवल्या, की त्यांनाच माहीत नव्हत्या, देव जाणे. एक, गेल्या-गेल्या पहिला महिना जवळपास कोशू असते, म्हणजे भाषेचे आणि नियमांचे वर्ग, त्यात पगार नाही, फक्त भत्ता. घरी हप्ता असेल तर तो पहिला महिना तुम्हाला खाते. दुसरी, जुमिनझेई, तिथल्या नगरपालिकेचा टॅक्स. तो मागच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी काही नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनमध्ये अचानक पगारातून सहा-सात हजार येन कमी. मला वाटलं मालकानं दंड मारला. दोन दिवस कोणाशी बोललो नाही, मग व्हिएतनामच्या सहकाऱ्यानं स्वतःची स्लिप काढून दाखवली, त्याचाही कापलेला.

पेन्शनचे पैसे मात्र परत मिळतात, हे लक्षात ठेवा. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, वीस टक्क्यांच्या थोडं वर टॅक्स कापून रक्कम खात्यात येते आणि तो टॅक्सही नंतर मागता येतो. माझे आत्ता आले, दोन लाख रुपयांच्या थोडे वर. पण हे पैसे उचलले की तिथली पेन्शनची वर्षं पुसली जातात, परत जायचा विचार असेल तर आधी डोकं चालवा. क्लासमध्ये हा विषय निघालाच नाही.

सगळ्यात वाईट अनुभव कागदांचा. जायच्या आधी क्लासनं माझी ओरिजिनल आयटीआयची मार्कशीट ठेवून घेतली आणि बाबाकडून सही केलेला कोरा चेक, "मधात पळून आला तर" म्हणून. आम्ही दिला, कारण समोर व्हिसा होता आणि मागं कर्ज. तिथं कोशूमध्ये वकील आला होता, त्यानं सांगितलं की पळून जाऊ नये म्हणून अनामत ठेवणं, दंडाचा करार करणं, पासपोर्ट मालकानं ठेवणं, या सगळ्याला कायद्यानं बंदी आहे. मी मागच्या बाकावर बसून कोऱ्या चेकचा विचार करत होतो. परत आल्यावर चेक आणि मार्कशीट मिळाली, त्यासाठी चार चकरा.

म्हणून आता जायचं का, असं विचाराल तर माझं म्हणणं जा, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या हाताला जे वळण लागलं ते इकडं दहा वर्षांत लागलं नसतं, आणि पैसेही आले, घरावरचे टिनं जाऊन स्लॅब पडला. फक्त इंटर्नशिप या शब्दानं फसू नका, ही नोकरी आहे, सकाळी आठला उभं राहायची. जुन्या नियमात तीन वर्षं मालक बदलता येत नाही, चांगला निघाला तर ठीक. माझा निघाला, प्रेसवाल्या दोघांपैकी एकाचा नाही. २०२४ मध्ये त्यांच्या संसदेनं नवीन कायदा केलाय, एप्रिल २०२७ पासून ही स्कीम बदलून दुसरी येते आणि तिच्यात काही अटींवर मालक बदलता येईल. ज्यांना घाई नाही त्यांनी कोणत्या नियमात जातोय हे क्लासला स्पष्ट विचारावं.

आणि सही करायच्या आधी कोयो जोकेन्शो मागा, कामाच्या अटींचा कागद, तो तुम्हाला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. पगाराच्या खाली कपातीचे आकडे असतात, तिथं बोट ठेवा. नाही समजलं तर माझ्याकडे घेऊन या. माझ्या पगाराच्या सगळ्या स्लिपा फाइलमध्ये लावून गॅरेजवर ठेवल्यात, आणि ती डायरीपण, झेरॉक्स काढून नेता येईल. शुक्रवारी येऊ नका, बाजाराचा दिवस असते, लय गर्दी राहते.